रिटालिन, दारू आणि उशिरा विचारलेला प्रश्न

१९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत लिआन्द्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट हा रेणू बनवला. बायकोचं नाव मार्गेरीट, लाडाचं नाव रिटा. त्यावरून औषध झालं 'रिटालिन'. १९५४ च्या सुमारास ते बाजारात आलं ते थकवा, उदासी, नार्कोलेप्सी अशा मोठ्या माणसांच्या तक्रारींसाठी. पुढे ते मुख्यतः अतिचंचल मुलांचं, म्हणजे आजच्या भाषेत एडीएचडीचं औषध झालं.

हे औषध घेणाऱ्याने दारू प्यायली तर शरीरात काय घडतं, हे नीट तपासायला मात्र १९९९ उजाडलं. इतका उशीर का? माझा अंदाज असा की रुग्ण म्हटल्यावर शाळकरी मूल डोळ्यांसमोर येत असेल तर हा प्रश्न सुचतच नाही. पण मुलं मोठी होतात, कॉलेजात जातात, पार्ट्यांना जातात.

धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी, कोकेनच्या अभ्यासात. कोकेन आणि दारू एकत्र घेतली की लिव्हरमध्ये कोकाइथिलीन हा तिसराच पदार्थ तयार होतो, हे तोवर माहीत झालं होतं. कोकेनसारखाच मिथाइलफेनिडेटमध्येही मिथाइल एस्टर आहे. कार्बॉक्सिलएस्टरेज-१ हे एन्झाइम एरवी पाणी वापरून तो तोडतं आणि निष्क्रिय रिटालिनिक आम्ल उरतं. दारू असेल तर पाण्याऐवजी इथेनॉल वापरलं जातं आणि इथाइलफेनिडेट बनतं. अमेरिकेत मार्कोविट्झ, पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा पदार्थ अतिमात्रेच्या प्रकरणांतल्या नमुन्यांत दाखवला. पुढच्या वर्षी सहा निरोगी माणसांना एक डोस आणि दारू देऊन तो त्यांच्या रक्तातही दाखवला.

इथेच गोष्ट संपली असती तर 'नवा विषारी पदार्थ सापडला' एवढीच बातमी झाली असती. पण मोजमाप केल्यावर चित्र पालटलं. हा पदार्थ अगदी थोडा बनतो, आणि तोही बहुतांशी एल रूपात. औषधाचा परिणाम असतो मुख्यतः डी रूपाचा (ही दोन्ही रूपं एकमेकांची आरशातली प्रतिमा). मग धोका कुठे? २००७ च्या अभ्यासात २० जणांना वजनाच्या किलोमागे ०.६ ग्रॅम इथेनॉल दिलं. ६० किलोच्या माणसाला हे व्हिस्कीचे साधारण साडेतीन स्मॉल पेग. रक्तातल्या डी-मिथाइलफेनिडेटची कमाल पातळी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली, एकूण मात्रा सुमारे २५ टक्क्यांनी. दारू गोळीच्या अर्धा तास आधी घ्या की नंतर, निकाल जवळपास तोच. म्हणजे ज्याच्यामागे सगळे लागले तो नवा रेणू दुय्यम निघाला; मूळ औषधच शरीरात जास्त चढत होतं. मला या संशोधनातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि तिला एन्झाइम लागत नाही. उत्तेजक औषधामुळे दारूची सुस्ती जाणवत नाही. रक्तातलं अल्कोहोल मात्र त्याने उतरत नाही. 'मला चढलीच नाही' म्हणत माणूस पुढचा पेग भरतो, नाहीतर गाडीची किल्ली उचलतो. त्याच वेळी नाडी आणि रक्तदाब वाढवणारं औषध रक्तात नेहमीपेक्षा जास्त असतं. आणि हे आकडे निरोगी लोकांचे, एकाच डोसचे आहेत. रोज गोळी घेणाऱ्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने ते स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत. शनिवारी प्यायची म्हणून मनानेच गोळी चुकवायची, हाही उपाय नव्हे. ते आधी डॉक्टरांशी बोलायचं.