दोन टेबलांच्या मधली जागा

नातेपुत्याहून सोलापूर लांब आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात खरे, पण जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला. माळशिरस, वेळापूर, पंढरपूर मागे टाकत जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. फलटण आणि बारामती त्या मानाने शेजारी. पण फलटण साताऱ्यात आणि बारामती पुण्यात, म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा म्हटले की माणूस नकळत सोलापूरची एसटी पाहतो. वास्तविक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार राहत्या जिल्ह्याप्रमाणेच, ज्या शासकीय रुग्णालयात त्या व्यंगावर उपचार झाले तिथेही दाखल्यासाठी अर्ज करता येतो. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे उपचार घेतलेल्या नातेपुत्याच्या माणसाला ही तरतूद सांगायची कोणी, हे मात्र कोणत्याच नियमात लिहिलेले नाही.

सरकारी दिरंगाईच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने सुरुवात अशाच एखाद्या गावापासून करावी, असे मी सुचवीन. दिव्यांगांच्या अनुदानाची प्रकरणे रखडतात, हे सांगायला संशोधक लागत नाही. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपण सगळे येता-जाता वापरतो. तिची अडचण अशी की ती दिरंगाईला पावसापाण्याच्या रांगेत नेऊन बसवते. अवर्षण पडावे तशी फाईल अडते, त्याला कोण काय करणार! अभ्यासकाचे काम इथून सुरू होते. फाईल नेमकी कुठे थांबली, किती दिवस थांबली आणि त्या दिवसांची किंमत कोणी मोजली, हे त्याने शोधायचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मुख्यमंत्री अंतुले यांच्या कारकिर्दीत, १९८० मध्ये, महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ चा. त्यात दिव्यांग निवृत्तीवेतन आले ते २००९ मध्ये, तेही ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींपुरते. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपयांवर २०१२ पासून ठाण मांडून बसला आहे. राज्याची रक्कम त्या मानाने हलली. ती २०१९ मध्ये १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. गावात याला सरळ ‘पगार’ म्हणतात. ‘निराधारचा पगार आला का?’ हा प्रश्न बँकेच्या दारात महिन्याच्या महिन्याला ऐकू येतो. वृद्धापकाळ निवृत्तीवेतन दर महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात २००१ मध्येच बजावले होते, हेही इथे नोंदवून ठेवू.

आता एक प्रकरण कल्पनेने उभे करू. ऊस आणि दूध यांवर चालणारा हा मुलूख आहे. कडबाकुट्टीत मनगटापर्यंत हात गेलेला एक शेतमजूर आहे असे धरा. त्याला पहिल्यांदा दाखला हवा. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी, मग रुग्णालयाने ठरवलेल्या वारी बोर्डासमोर हजेरी. हात तुटलेला दिसतो, म्हणून त्याचे टक्के लवकर बसतात. त्याच्याच शेजारच्या घरातल्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलीचे तसे नाही. तिला श्रवणचाचणीचे यंत्र हवे आणि ते चालवणारा माणूसही हवा. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर मानसशास्त्रज्ञ हवा. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि हे फार चांगले केले. थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, आम्लहल्ल्याचे बळी असे कितीतरी जण कायद्याला पहिल्यांदा दिसले. पण प्रकार वाढले त्या प्रमाणात तपासणारे तालुक्याला पोचले नाहीत. त्यात लहान मुलांना आणि बदलत्या आजारांना मिळतो तो तात्पुरता दाखला. मुदत संपली की पुन्हा रांग.

दाखला हातात आला की आपला मजूर माळशिरसच्या तहसील कचेरीकडे वळतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, वयाचा पुरावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असल्याचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स. हे सगळे एका कॅरीबॅगमध्ये. समजा त्याने जानेवारीत उत्पन्नाचा दाखला काढला आणि फेब्रुवारीत अर्ज दिला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. प्रकरण तपासायला एप्रिल उजाडला तर त्यावर शेरा पडतो : त्रुटी. चूक अर्जदाराने केलेली नसते, वेळ गेल्यामुळे ती तयार झालेली असते. पण पूर्तता त्यानेच करायची, आणि पूर्तता होईपर्यंतचे दिवस कचेरीच्या हिशेबात धरले जात नाहीत. ते ‘अर्जदार स्तरावर प्रलंबित’ असतात.

दिरंगाई बहुतेक वेळा टेबलावर घडत नाही, ती दोन टेबलांच्या मधल्या जागेत घडते, असे मला वाटते ते याच ठिकाणी. रुग्णालय आपले दिवस मोजते, सेतू केंद्र आपले, निराधारची शाखा आपले, बँक आपले. प्रत्येकाच्या नोंदवहीत काम मुदतीत झालेले असू शकते. तरीही अपघातापासून पहिल्या पगारापर्यंत वर्ष लोटलेले असते, आणि ते वर्ष कोणाच्याच वहीत नसते. म्हणून या क्षेत्रात मोजमापाचे साधन अर्जदाराची दिनदर्शिका हेच असले पाहिजे. कचेरीच्या तक्त्यांवर विसंबून लिहिलेले प्रबंध मला म्हणूनच अपुरे वाटतात, आकडे कितीही नेटके असोत.

मंजुरीनंतरचा टप्पा वेगळाच. प्रकरणे तालुका समितीपुढे जातात. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात, नव्या नेमणुका राजकीय सोयीने होतात आणि ‘बैठक लागली नाही’ हे उत्तर तयार असते. माळशिरस तालुक्याला आणखी एक हंगाम आहे. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. त्या दिवसांत पाणी, निवारा, रस्ते, बंदोबस्त यांत महसूलची माणसे गुंतलेली असतात. निवडणूक आली की पुन्हा तेच. सगळा दोष निराधार शाखेतल्या कारकुनाच्या माथी मारणे सोपे आहे, पण तोच माणूस वारीचे नियोजन, मतदार यादी आणि अतिवृष्टीचे पंचनामे यांतही नेमलेला असू शकतो. पुढे अनुदान येण्याची वाट. २०२४ च्या अखेरीस पैसे थेट खात्यावर द्यायला सुरुवात झाली. मधले हात कमी झाले, आणि आधार जोडणी, नावातला एखादा काना, न उमटणारे ठसे हे नवे अडथळे आले. ज्याचा पंजाच गेला आहे त्याच्या ठशांचे काय, याचे उत्तर नियमात असते, पण केंद्रावर बसलेल्या मुलाला ते ठाऊक असेलच असे नाही.

मग ही गती शासनाच्या आवाक्याबाहेरची आहे का? २८ जून २०२४ ला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला आणि १७ ऑगस्टला पुण्यात पहिल्या हप्त्याचा सोहळाही झाला. दोन महिन्यांच्या आत लाखो खात्यांवर पैसे गेले. यंत्रणा तीच, तहसील तीच, अंगणवाडीताईही त्याच. फरक क्रमाचा होता. तिथे आधी पैसे दिले आणि पडताळणी मागाहून झाली, पुढे लाखो नावे वगळलीही गेली. दिव्यांगाच्या बाबतीत शंका आधी आणि पैसे नंतर. २०२४ मध्येच एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून गदारोळ झाला, त्यानंतर तर शंकेला बळच आले. खोटे दाखले असतात, ते शोधलेच पाहिजेत. पण त्या शोधाचा भार कडबाकुट्टीत हात गेलेल्याने उचलावा, यात मला न्याय दिसत नाही.

दिरंगाईला किंमत लावायची कला महाराष्ट्राला नवी नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर घातले. देशाच्या रोजगार हमीत मजुरी उशिरा मिळाली तर दिवसागणिक भरपाईची तरतूद आली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. निराधारच्या अनुदानात मात्र व्यवहारात मंजुरीपासूनच मोजणी सुरू होते आणि अर्ज व मंजुरी यांमधले महिने अर्जदाराच्या नावे बुडीत जातात. दाखल्याचे नियम तर उलट्या दिशेने गेले. २०१७ च्या नियमांत दाखला एका महिन्यात देण्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. शिवाय वैद्यकीय प्राधिकरणाने दोन वर्षे निर्णय दिला नाही तर अर्जच निष्क्रिय होतो आणि अर्जदाराने नव्याने अर्ज करायचा असतो. उशीर केला कोणी आणि शिक्षा कोणाला, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ही दुरुस्ती मुळातून वाचावी.

बाहेरच्या जगात रखडपट्टी नाही असे कोणी समजू नये. अमेरिकेत माजी सैनिकांचे सव्वाशे दिवसांहून जुने दावे मार्च २०१३ मध्ये सहा लाख अकरा हजारांवर गेले होते. पण हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण थकीत कशाला म्हणायचे हे तिथे ठरलेले आहे आणि तक्ता दर सोमवारी प्रसिद्ध होतो. ब्रिटनमध्ये दोन अर्जदारांना बरेच महिने ताटकळत ठेवणे बेकायदा होते, असे उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये ठरवले. माळशिरस तालुक्यासाठी असा साप्ताहिक तक्ता लावायला यंत्र नवे लागणार नाही, थकीत कशाला म्हणायचे ते ठरवावे लागेल.

वाचनाबद्दल दोन शब्द. डेबोरा स्टोन यांचे १९८४ चे पुस्तक आधी वाचावे. काम आणि गरज यांच्या सीमेवर राज्याने डॉक्टरला पहारेकरी कसे केले, ते त्यात आहे. अखिल गुप्ता यांनी उत्तर प्रदेशातल्या कचेऱ्यांवर लिहिले, तर हावियर आउयेरो यांनी ब्यूनोस आयर्समधल्या साहाय्य कचेरीत तिष्ठणाऱ्यांवर. दोन्ही पुस्तके २०१२ ची, आणि एकमेकांसमोर ठेवून वाचण्यासारखी. आउयेरो म्हणतात की वाट पाहायला लावणे हीच सत्ता चालवण्याची रीत आहे. गुप्तांना त्यापेक्षा निकालांतला लहरीपणा अधिक दिसतो. मला गुप्ता जवळचे वाटतात. आपल्याकडे कोणी मुद्दाम थांबवत नाही, आणि म्हणून जाब विचारायला समोर माणूस सापडत नाही. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान (२०१८) यांची प्रशासकीय ओझ्याची मांडणी सोपी आहे, पण ती वाचताना नातेपुते ते सोलापूर हे एसटीचे भाडे आणि बरोबर आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आपली आपणच भरून घ्यावी लागते.

प्रत्यक्ष कामाला बसताना अर्जदाराकडे पोचपावती मागा. बहुतेकांकडे ती नसते, कारण कोणी दिलेली नसते. मग बसचे तिकीट, झेरॉक्सवरचा शिक्का, पासबुकातली पहिली नोंद, जे असेल त्यावरून तारखा जुळवा. नंतर माहितीच्या अधिकारात निराधार शाखेच्या आवक नोंदवहीची पाहणी मागा, प्रती न मागता पाहणीच मागा. आणि मंजूर-नामंजूरच्या याद्या हाताळण्याआधी त्रुटीत परत गेलेल्या प्रकरणांचा गठ्ठा पाहायला बसा.