छंदातून घरी आलेला संगणक

गृहसंगणकाचा उगम शोधू गेल्यास आपण हौशी मंडळींच्या मेजापाशी येऊन पोहोचतो. इंग्लंडमधील क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६१ साली कंपनी काढली, ती रेडिओचे सुटे भाग टपालाने विकण्यासाठी. याच परंपरेतून १९८१ साली त्यांचा ‘झेडएक्स ८१’ हा संगणक आला. तयार घेतल्यास किंमत ६९.९५ पौंड, सुटे भाग आणून स्वतः डाग देऊन जोडल्यास ४९.९५ पौंड. स्मृती अवघी एक किलोबाइट! त्यामुळे आज्ञावली लिहिताना एकेक अक्षर मोजूनमापून वापरावे लागे. पडदा घरच्या टीव्हीचा, आणि साठवण कॅसेटच्या फितीवर. पुढे १९८२ साली ‘स्पेक्ट्रम’ आला, आणि त्याची सुधारित आवृत्ती त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने भारतात विक्रीस आणली. फितीतून उमटणारा तो कर्कश आवाज आमच्या पिढीच्या कानांस गोडच वाटे.

आज मुलांच्या हातातील फोनची स्मृती त्याहून लक्षावधी पटींनी अधिक आहे; परंतु तो खोलून पाहण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तू स्वतः जोडली म्हणजे ती कळते, हा त्या छंदाचा धडा होता. आम्हांस वाटते, तेवढा वारसा तरी पुढील पिढीस द्यावा.