नोंद, तबकडी, उच्चांक

४ एप्रिल १९६४ या तारखेच्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकात अमेरिकेतल्या शंभर लोकप्रिय गाण्यांची जी यादी छापून आली, तिच्यातली पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. ‘कान्ट बाय मी लव्ह’, ‘ट्विस्ट अँड शाउट’, ‘शी लव्ह्ज यू’, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ आणि ‘प्लीज प्लीज मी’, याच क्रमानं. शंभरांत त्यांची एकूण बारा गाणी होती. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याला आता दंतकथेची कळा आली आहे: लिव्हरपूलची चार पोरं, न्यूयॉर्कच्या विमानतळावरची झुंबड, टीव्हीसमोर बसलेले सात कोटींहून अधिक प्रेक्षक. पण त्या पाच तबकड्यांवरची कंपन्यांची नावं वाचली की गोष्ट जरा वेगळी दिसू लागते. पहिली आणि चौथी तबकडी कॅपिटलची. तिसरी स्वॉनची. दुसरी टॉलीची, पाचवी व्ही-जेची. आणि टॉली हे व्ही-जेचंच दुसरं नाव.

एकाच बँडची गाणी तीन कंपन्या एकाच आठवड्यात कशा विकत होत्या? कॅपिटल ही खरं तर बीटल्सच्या ब्रिटिश कंपनीच्याच, म्हणजे ईएमआयच्या मालकीची. पण अमेरिकेत इंग्लंडचा माल खपत नाही अशी तिची खात्री होती, आणि १९६३ मध्ये तिनं ही गाणी काढायला पुन्हा पुन्हा नकार दिला. मग हक्क गेले शिकागोच्या व्ही-जेकडे, आणि ‘शी लव्ह्ज यू’ फिलाडेल्फियाच्या स्वॉनकडे. व्ही-जे म्हणजे व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय जोडप्यानं १९५३ मध्ये सुरू केलेली कंपनी. दोघांच्या आद्याक्षरांवरून नाव. जिमी रीड, जॉन ली हूकर यांच्यासारखे ब्लूज गायक ही तिची खरी मिळकत. १९६३ च्या अखेरीस कॅपिटलला जाग आली, तेव्हा तिनं नवी गाणी बाजारात आणली आणि व्ही-जे व स्वॉननं आपल्याकडची जुनी गाणी पुन्हा बाहेर काढली. कोर्टकज्जे सुरू झाले. हक्क हातातून जायच्या आत जितकं विकता येईल तितकं विकायचं, अशी घाई होती. सगळे हक्क एकाच कंपनीकडे असते, तर तिनं आपलीच पाच गाणी एकमेकांशी झुंजायला एकाच वेळी सोडली नसती. बीटल्सची लोकप्रियता खरीच होती. पण एक ते पाच ही रांग त्या लोकप्रियतेइतकीच एका व्यापारी गोंधळाचीही निर्मिती आहे.

भाषांतर करताना इंग्रजीतला ‘रेकॉर्ड’ हा शब्द मला नेहमी थांबवतो. त्या एका शब्दात गाण्याची तबकडी आहे, कारकुनानं केलेली नोंद आहे आणि उच्चांकही आहे. मराठीत हे तिघे वेगळे राहतात, शिवाय चौथा ‘विक्रम’ दाराशी उभा असतोच, ढाल-तलवार घेऊन. वर्तमानपत्रं त्यालाच आत घेतात. पण या यादीचा इतिहास वाचताना मला वाटतं की क्रम नीट लावायला हवा. आधी तबकडी, मग नोंद, आणि नोंद ज्या पद्धतीनं झाली तिच्यातून उच्चांक. विक्रम हा शब्द वापरायचाच असेल तर सर्वांत शेवटी.

नोंद करणारं हे साप्ताहिक १८९४ मध्ये सिनसिनाटीत निघालं, ते भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्यासाठी. नावातला बोर्ड तो हाच. गाण्यांच्या विक्रीची देशव्यापी यादी त्यानं जुलै १९४० मध्ये सुरू केली. दोन वर्षांनी ‘हार्लेम हिट परेड’ नावाची वेगळी यादी आली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मोजक्या दुकानांत काय खपतं, त्यावर ती बेतलेली होती. १९४५ पासून तिला ‘रेस’ हे नाव मिळालं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या तबकड्यांना धंद्यात तसंच म्हणत. १९४९ मध्ये तिथल्याच जेरी वेक्सलर या पत्रकाराच्या सूचनेवरून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ झालं. नाव सभ्य झालं, पण रांग वेगळीच राहिली. लुई जॉर्डनची अठरा गाणी या वेगळ्या रांगेत पहिली आली आणि सगळे मिळून ११३ आठवडे पहिल्या जागी राहिली. हा आकडा बीटल्सच्या कुठल्याही आकड्याशेजारी मान खाली न घालता उभा राहील, पण जॉर्डनचं नाव आज जाणकारांपलीकडे फारसं कोणी घेत नाही.

आणि मग १९६३ च्या नोव्हेंबरअखेर ‘बिलबोर्ड’नं ही रिदम अँड ब्लूजची यादी छापणंच बंद केलं. तर्क समजण्यासारखा होता. डेट्रॉइटच्या मोटाउनची गाणी गोरी मुलं विकत घेत होती, आणि उलट बाजूनं या यादीच्या शेवटच्या अंकात पहिल्या जागी ‘शुगर शॅक’ हे एका गोऱ्या बँडचं गाणं होतं. दोन्ही याद्या एकसारख्या दिसू लागल्यावर दुसरी कशाला? १९६५ च्या जानेवारीअखेर ती पुन्हा सुरू झाली. मधले चौदा महिने कोरे आहेत.

हे चौदा महिने कोणते, ते पाहावं. बीटल्स याच काळात आले. मेरी वेल्सचं ‘माय गाय’ मे १९६४ मध्ये मुख्य यादीत पहिलं आलं, पण ज्या श्रोत्यांनी तिला घडवलं त्यांच्या यादीत ते कितवं होतं, हे ‘बिलबोर्ड’च्या पानांत मिळत नाही. त्यासाठी ‘कॅश बॉक्स’ या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाचे अंक काढावे लागतात. सॅम कुक डिसेंबर १९६४ मध्ये गोळी लागून मेला, तोही याच कोऱ्या काळात. शंभरांच्या मोठ्या यादीत वर पोचलेल्या गायकांची नोंद तरी राहिली. जे शिकागोत, मेम्फिसमध्ये, दक्षिणेतल्या लहान गावांत ऐकले जात होते आणि शंभरांत बसत नव्हते, त्यांचं त्या वर्षीचं यश या साप्ताहिकापुरतं घडलंच नाही.

पुन्हा ४ एप्रिलच्या यादीकडे वळू. दुसऱ्या जागेवरचं ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे आयझली ब्रदर्सनं १९६२ मध्ये गाजवलेलं गाणं. त्यांचं गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसरं आलं होतं, मुख्य यादीत सतरावं. तेच गाणं इंग्लंडहून परतलं आणि मुख्य यादीत दुसरं ठरलं, तेही एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या तबकडीवर, कृष्णवर्णीयांची यादीच छापली जात नसताना. व्ही-जेला या यशाचा पैसा पचवता आला नाही. बीटल्सचे हक्क त्याच वर्षी गेले, आणि १९६६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. बीटल्सची पहिल्या जागेवरची सलग चौदा आठवड्यांची मक्तेदारी मे महिन्यात मोडली ती मात्र बासष्ट वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगनं, ‘हॅलो, डॉली!’ गाऊन. मला ही नोंद फार आवडते.

या याद्या बनत कशा, हेही सांगायला हवं. दुकानदाराला फोन करायचा, काय खपतंय ते विचारायचं. रेडिओ केंद्रांकडून वाजणाऱ्या गाण्यांची यादी मागवायची. दुकानातला पोऱ्या आठवून सांगे, किंवा कंपनीच्या माणसानं फुकट दिलेल्या तबकड्यांची आठवण ठेवून सांगे. १९९१ मध्ये साउंडस्कॅन नावाची पद्धत आली आणि गल्ल्यावरचा बारकोड मोजला जाऊ लागला. अल्बमच्या यादीत पहिल्या काही आठवड्यांतच कंट्री आणि रॅप यांनी उसळी घेतली, एन.डब्ल्यू.ए. हा लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा रॅप गट जूनमध्ये पहिल्या जागी पोचला. हे श्रोते काही एका रात्रीत जन्मले नव्हते.

सर्वाधिक काळ पहिलं राहण्याचे उच्चांकही तिथूनच बदलले. शंभरांची यादी १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून १९९१ पर्यंत कुठलंही गाणं दहा आठवड्यांहून जास्त पहिलं राहिलं नव्हतं. त्यानंतर चार-पाच वर्षांत तेरा, चौदा, पुन्हा चौदा आणि सोळा. सोळा आठवडे होते मरायह केरी आणि बॉइज टू मेन यांच्या ‘वन स्वीट डे’चे. माणसाला दर आठवड्याला काही नवं सांगावंसं वाटतं. यंत्राला कंटाळा येत नाही. उलट नियम कसा आडवा येतो, तेही याच दशकात दिसतं. दुकानात सुटं विकायला नसलेलं गाणं शंभरांत धरायचं नाही, असा दंडक डिसेंबर १९९८ पर्यंत होता. त्यामुळे नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ सोळा आठवडे रेडिओवर सर्वाधिक वाजत राहिलं आणि शंभरांत एकदाही दिसलं नाही. केरीचं १९९४ चं नाताळगीतही त्यात अडकलं. ते पहिल्या जागी पोचलं २०१९ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी. एल्विस प्रेस्लीची पहिली आलेली गाणी सतरा की अठरा, हा वाद तर मिटणाराच नाही, कारण १९५६ च्या एका तबकडीच्या दोन्ही बाजू गाजल्या आणि त्या एक धरायच्या की दोन, हे मोजणाऱ्यावर आहे.

टेलर स्विफ्टनं नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्या दहाही जागा घेतल्या. बीटल्सच्या पाचांशी याची तुलना अटळ होती, आणि ती फारशी उपयोगाची नाही. १९६४ चा पोरगा प्रत्येक गाण्यासाठी खिशात हात घालत होता. २०२२ ची मुलगी अल्बम लावून झोपी गेली तरी प्रत्येक गाण्याची नोंद होत होती.

मला जास्त अर्थपूर्ण वाटतो तो २०१९ चा उच्चांक. लिल नास एक्स या विशीतल्या कृष्णवर्णीय मुलानं इंटरनेटवर तीस डॉलरला विकत घेतलेल्या संगीतावर ‘ओल्ड टाउन रोड’ रचलं: घोडा, टोपी, बूट, सगळा कंट्रीचा थाट, खाली रॅपचा ठेका. मार्चमध्ये ते ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत एकोणिसावं आलं आणि पुढच्याच खेपेला काढून टाकलं गेलं, आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण त्यात नाहीत, असं कारण देऊन. वाद पेटला. बिली रे सायरस हा कंट्री गायक त्याच्या मदतीला आला, पाठोपाठ आणखी काही आवृत्त्या निघाल्या, आणि नियमानुसार त्या सगळ्या एकाच गाण्याच्या खात्यात जमा झाल्या. शंभरांच्या यादीत ते एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. ‘वन स्वीट डे’ मागे पडलं.

पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, शबूझी या व्हर्जिनियाच्या कृष्णवर्णीय गायकाच्या ‘अ बार साँग’नं या एकोणीस आठवड्यांची बरोबरी केली. त्यातही रॅप होतं आणि कंट्रीही. ते कंट्री यादीतून कोणी काढलं नाही. तिथंही ते पहिलंच होतं.