दोन पाने आणि फूल

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे दोन चिन्हे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे स्वतंत्र संघप्रदेश. सुमारे ८२ टक्के लोकांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अवघ्या ३४,०२१ मतांनी विलीनीकरण टळले.

हा कौल हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा वाचण्याची सवय जुनी आहे. पेडणे-डिचोलीचा कल फुलाकडे आणि सासष्टीचा पानांकडे होता, हे खरेच. पण गोव्यात हिंदू बहुसंख्य होते. त्यांच्यातल्या अनेकांनी साथ दिल्याशिवाय पाने जिंकणे शक्यच नव्हते.

खरी गंमत पुढे आहे. कौलाआधी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार पायउतार झाले होते. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी त्याच पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. संघप्रदेशासाठी झुंजलेले जॅक सिक्वेरा विरोधी बाकांवरच राहिले.

याला चंचलपणा म्हणता येणार नाही. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला बांदोडकर आपले वाटत होते. म्हणून गोवा नकाशावरून पुसला जावा, असे त्यातल्या प्रत्येकाला वाटत नव्हते. पक्षाला दिलेले मत म्हणजे पक्षाच्या प्रत्येक मागणीला दिलेली संमती नव्हे. सार्वमताने हे दोन प्रश्न वेगळे केले, म्हणून ते आपल्याला कळले.