आमच्या मेलेल्यांचं काय?

माझ्या आजीनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती तीन लेकरांची आई होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवर आधी मिशनची शाळा आली, शाळेमागून पाद्री आला. आजीला अक्षर येत नव्हतं. तिनं पाद्र्याला एकच सवाल टाकला, "पाद्रीसायेब, माझी माय येसूचं नाव कानावर पडायच्या आधीच मेली. ती आता कुठं आसंल?" पाद्री भला माणूस. उत्तर दिलं नाही. प्रार्थना करा म्हणाला. आजीनं तो सवाल शेवटपर्यंत सोबत वागवला.

पुढं पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं, हा सवाल तिच्या एकटीचा नव्हता. तारण कुणाचं होणार यावर बिशप, पोप, पंडित शेकडो वर्षं भांडले. पण त्यांचं भांडण जिवंत माणसांवर हुकमत कुणाची, याचं जास्त. मेलेल्यांची आठवण काढली ती नव्यानं आत आलेल्या साध्या माणसांनी.

जानेवारी १५५२. फ्रान्सिस झेवियर कोचीहून युरोपातल्या सोबत्यांना लांबलचक पत्र लिहितोय. हा तोच झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चात ठेवलंय नि ज्याच्या दर्शनाला हिंदू-किरिस्ताव सगळेच रांग लावतात. १५४९ ते १५५१ तो जपानात होता. तिथल्या नव्या ख्रिस्त्यांनी सगळं मान्य केलं, पण एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. नरकात पडलेल्याला सुटका नाही, ही. त्यांचे आईबाप मेलेले, कुणाची बायको, कुणाची पोरं. दानधर्म केला, प्रार्थना केली, तर त्यांना काही उतार पडेल का, असं ते विचारत. काही नाही, झेवियर सांगे. देव त्यांना बाहेर का काढू शकत नाही, असं ते विचारत नि रडत. त्यांचं रडणं बघून आपल्यालाही वाईट वाटतं, असं तो लिहितो. पण उत्तर बदलत नाही.

त्याच पत्रात तो तिथल्या बौद्ध भिक्षूंना धारेवर धरतो. का, तर गरिबाला नि बाईला नरकातून सुटणं अवघड, असं ते सांगतात म्हणून. म्हंजे तिथंही पैशावाचून दार उघडत नव्हतं. आपण बौद्ध झालो म्हणून हे झाकायचं कारण नाही. फरक इतकाच, की भिक्षू निदान मेलेल्याला सोडवतो म्हणत होते.

झेवियरचं उत्तर त्याच्या पदरचं नव्हतं. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या बिशप सिप्रियननं चर्चबाहेर तारण नाही असं लिहून ठेवलं. तेव्हा भांडण फुटीर ख्रिस्त्यांशी होतं, जगाशी नव्हतं. पाचव्या शतकात ऑगस्टीन आला. आदमचं पाप रक्तातून उतरतं, बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं मूलही दोषीच, फार तर त्याची शिक्षा सगळ्यांत सौम्य, असं त्यानं मांडलं. ब्रिटनमधून आलेला पेलाजियस म्हणे, दुसऱ्याच्या पापाचा डाग जन्मजात कसा लागेल? ४१८ साली पेलाजियसची मतं धिक्कारली गेली. जन्मानंच विटाळ म्हंजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पेलाजियस हरला याचं मला आजही वाईट वाटतं.

१४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत पोपच्या फर्मानानं मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी सगळ्यांना मरणाआधी चर्चात न आल्यास कायमच्या आगीत टाकलं. पन्नासच वर्षांनी कोलंबस पलीकडच्या किनाऱ्याला लागला. तिथं येशूचं नावही न ऐकलेली लाखो माणसं. आता काय? १५३९ साली सालामांकाला फ्रान्सिस्को दे व्हितोरियानं मांडलं, की ज्यानं ऐकलंच नाही त्याला अविश्वासाचं पाप लागत नाही. चांगलं बोलला. पण त्यांना स्वर्गाचं दार उघडं, असं काही तो म्हणाला नाही.

एक जुनी कथा आहे. फ्रिझियाचा, म्हंजे आजच्या नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा, राजा राडबोड बाप्तिस्म्याच्या कुंडात पाय घालणार होता. त्यानं विचारलं, माझे वाडवडील कुठं आहेत? नरकात, असं उत्तर आलं. राजानं पाय मागं घेतला. मूठभर भिकाऱ्यांबरोबर स्वर्गात बसण्यापेक्षा आपल्या माणसांबरोबर नरकात बरा, म्हणाला. ७१९ साली तो तसाच मेला. कथा खरी-खोटी देव जाणे. भिकाऱ्यांना नाक मुरडणारा हा राजा मला आवडत नाही, पण त्याचा मागं घेतलेला पाय कळतो.

त्याच नेदरलँड्सात १६१८-१९ साली डॉर्टला प्रॉटेस्टंट पंडित बसले. देवानं जग घडवायच्या आधीच कुणाला तारायचं ते निवडलंय, असा निकाल दिला. झालं, सवालच मिटला! त्याआधी झुरिकच्या झ्विंग्लीनं १५३१ साली काही मूर्तिपूजकांनाही स्वर्गात जागा दिली होती, तर ल्यूथर खवळला. झ्विंग्लीची यादी बघा: हर्क्युलस, थीसियस, सॉक्रेटिस, केटो, सिपिओ. वीर, तत्त्वज्ञ, सेनापती. सॉक्रेटिसच्या घरी पाणी भरणाऱ्या बाईचं नाव कुठून असणार?

रोमनं हळूहळू पाय मागं घेतला. १८६३ साली नववा पायस म्हणाला, की ज्याच्या अज्ञानाला इलाज नव्हता पण जो सचोटीनं जगला तो नरकात जाणार नाही. बॉस्टनचा पाद्री फीनी जुनाच नियम शब्दशः धरून बसला, रोमनं बोलावलं तरी गेला नाही. १९५३ साली त्यालाच चर्चाबाहेर काढलं. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लिहिलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनोदेवतेला जागून वागले, त्यांचंही तारण होऊ शकतं. २००७ साली तान्ह्या लेकरांचा नंबर लागला. त्यांच्याबद्दल आशा धरायला जागा आहे, असं रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगानं कळवलं. खात्री नाही, आशा. ऑगस्टीननंतर सुमारे सोळाशे वर्षांनी.

जपानातल्या त्या माणसांना परत कुणी पत्र धाडलं नाही.

माझ्या आजीचा पाद्री प्रॉटेस्टंट, रोमचा कागद त्याला लागू नव्हता. आजी रविवारी देवळात जायची, भजनं म्हणायची. नि सर्वपित्रीला मागल्या दारी भाकरीचा घास ठेवायची. पाद्र्याला ते ठाऊक होतं. त्या दिवशी तो आमच्या घरावरनं जायचा, पण मागल्या बाजूला यायचा नाही.