मेन बेअरिंग बदल (मोटारीचे इंजिन)

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट ज्या आधारांवर फिरतो ते झिजल्यावर काढून नवे बसवण्याचे काम. गॅरेजमध्ये याला ‘मेन मेटल टाकणे’ म्हणतात. ओळीत चार सिलिंडर असलेल्या आजच्या इंजिनात असे पाच आधार असतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात चार.

प्रत्येक बेअरिंग दोन अर्धवर्तुळाकार शेल मिळून होते. वरचा शेल ब्लॉकमध्ये बसतो, खालचा कॅपमध्ये. वरच्याला तेलाचे भोक आणि बहुधा खाचही असते. शेलची पाठ पोलादाची, आत ॲल्युमिनियम-कथील किंवा तांबे-शिसे यांच्या मिश्रधातूचा पातळ थर आणि अनेकदा त्यावर काही मायक्रॉनचा मऊ मुलामा. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिटने कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा जो मऊ मिश्रधातू पुढे आणला, त्यामागचा विचार आजही तोच आहे : महाग क्रँकऐवजी स्वस्त शेल झिजावा आणि तेलातून आलेला बारीक कण त्या मऊ थरात रुतून बसावा. इंजिन चालू असताना क्रँक शेलला टेकत नाही, तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. खरी झीज होते ती सुरू करतानाच्या क्षणी, जेव्हा पापुद्रा अजून तयार झालेला नसतो. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत म्हणूनच पॉलिमरचा लेप दिलेले शेल वापरू लागले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात शेलची आणि गोळ्यांची अशी दोन्ही जातींची बेअरिंगे शेजारी शेजारी दिसतात. बजाजच्या एका सिलिंडरच्या मोटरसायकलीत क्रँक गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो आणि तसली बेअरिंगे एसकेएफच्या चिंचवडच्या कारखान्यात बनतात. मोटारीच्या क्रँकला मात्र शेलच लागतात, कारण अनेक सिलिंडरच्या एकसंध क्रँकवर मधल्या जागी अखंड कड्याचे बेअरिंग सरकवता येत नाही. याच पट्ट्यातल्या इंद्रायणीकाठच्या चऱ्होली बुद्रुकचे उदाहरण घ्या. ते आळंदी, भोसरी एमआयडीसी आणि चाकण यांना जवळ आहे. इथल्या गाडीमालकाच्या दृष्टीने या जागेचा फायदा मोठा : गॅरेजने इंजिन खोलायचे आणि क्रँक घासायला जवळच्या मशीन शॉपमध्ये पाठवायचा, हे एका दिवसाच्या अंतरातले काम आहे.

बेअरिंग गेल्याची पहिली खूण तेलाच्या दाबात दिसते. इंजिन गरम झाल्यावर, रेस कमी असताना दिवा लुकलुकतो. कारण फट वाढली की तेल बाजूने निसटते. पंपाचे तेल आधी मेन बेअरिंगला येते आणि क्रँकच्या आतल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला जाते, म्हणून मेन ढिले पडले की बिग एंड उपाशी राहते. नंतर आवाज येतो : चढावर किंवा गाडी भरलेली असताना खालून येणारा जड धबधब ठोका. बिग एंडचा ठोका याहून तीक्ष्ण असतो.

शेल बदलणे हा या कामाचा सोपा भाग आहे. जुना शेल का गेला हे न शोधता नवा टाकला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून उतरवलेले शेल पुसून, क्रमांक घालून ओळीत मांडावेत आणि वाचावेत. नखाला लागणारे चरे म्हणजे तेलातला कचरा. तांबे-शिशाच्या शेलवर तांबूस पट्टा उघडा पडला असेल तर मुलामा संपला. चकाकणारा एकच ठिपका दिसला तर शेल उलटा करून पाहावा : पाठीवर त्याच जागी बहुतेक काळा डाग सापडतो, कारण मागच्या वेळी बसवताना तिथे कण राहिलेला असतो. मधला शेल सर्वांत जास्त आणि टोकाचे कमी झिजले असतील तर क्रँक वाकला आहे किंवा ब्लॉकची रेषा सुटली आहे. अशा इंजिनात नुसते मेटल टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पुढचे सगळे मोजमापाचे काम. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांना आणि दोन्ही कडांजवळ मोजतात, म्हणजे लंबगोलपणा आणि उतार कळतो. मर्यादेबाहेर गेल्यास क्रँक घासून ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिमी. कमी मापाचे शेल घालतात. कारागीर यांना ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ म्हणतात, कारण हे माप इंचाच्या हजारांशांत धरायची सवय आहे. घासताना कोपऱ्यातली गोलाई राखली नाही तर तिथूनच क्रँक तुटतो. नायट्रायडिंग केलेल्या क्रँकचा कठीण थर पातळ असतो, तो घासला की नाहीसा होतो.

फट साधारण ०.०२ ते ०.०६ मिमी. असते, पण कंपनीचा आकडा हाच प्रमाण. ती पाहण्यासाठी जर्नलवर प्लास्टिगेजची मेणासारखी दोरी ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला कसतात. दरम्यान क्रँक जराही फिरवायचा नाही. कॅप काढून चपटलेल्या दोरीची रुंदी पट्टीशी ताडली की फट कळते. शेवटी बसवताना शेलची पाठ कोरडी आणि स्वच्छ, आतली बाजू तेल लावलेली. कॅपची जागा आणि बाण बदलायचे नाहीत. बोल्ट बहुधा मधल्या कॅपपासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने कसायचे आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. क्रँकची पुढे-मागे हालचाल थ्रस्ट वॉशर रोखतात, ती डायल गेजने तपासतात. कॅप घासून किंवा शेलखाली कागद घालून फट ‘जमवण्याची’ जुनी युक्ती कटाक्षाने टाळावी.

चाकणला बनणाऱ्या टायगुन, कुशाकसारख्या गाड्यांतल्या फोक्सवॅगनच्या ईए२११ मालिकेच्या ॲल्युमिनियम इंजिनांना यातले बरेच लागू होत नाही. मेन कॅपचे बोल्ट ढिले केले की ब्लॉकमधल्या बैठकांचा आकार बिघडतो, म्हणून कंपनी क्रँक काढायलाच मनाई करते. बेअरिंग गेले तर क्रँकसह पूर्ण ब्लॉक बदलायचा. टाटाच्या जुन्या इंडिकावर हात बसलेल्या कारागिरानेही पाना लावण्याआधी त्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका उघडलीच पाहिजे.

इंजिन जोडल्यावर इंधन बंद ठेवून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने फिरवावे, मगच सुरू करावे. गाडीमालकाने बिलासोबत दोन गोष्टी मागून घ्याव्यात : जुने शेल आणि प्रत्येक जर्नलचे लिहिलेले माप. ज्या गॅरेजकडे ते माप नाही, त्याने बेअरिंग बदलले असेल, काम केलेले नाही.