स्वस्ताईचे ऋण : अमेरिकेतील विस्थापित कामगारांच्या साहाय्याची कथा

इंदूर, सोलापूर किंवा मुंबई येथे हयात घालविलेल्या मराठी माणसाला गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. भोंगा थांबतो, पाळ्या थांबतात आणि त्यापाठोपाठ खानावळ, किराणा दुकान, मुलांची शाळा अशी एकेक घडी विस्कटत जाते. परंतु कारखाना बंद पडण्याचे कारण मालकाचा गैरकारभार किंवा यंत्रांचे जुनेपण नसून परदेशातून येणारा स्वस्त माल असेल, आणि त्या मालासाठी देशाचे दार सरकारनेच बुद्धिपुरस्सर उघडले असेल, तर कामगाराच्या नुकसानीचे उत्तरदायित्व कोणाचे? या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा सर्वांत प्रदीर्घ प्रयत्न अमेरिकेत झाला. साठ वर्षांच्या त्या प्रयत्नाचा इतिहास उद्‌बोधक आहे, आणि काहीसा विषण्ण करणाराही आहे.

१९३४ पासून अमेरिकेने अन्य देशांशी करार करून आयात जकाती क्रमाक्रमाने उतरविण्यास आरंभ केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर या धोरणाला राजकीय अर्थही प्राप्त झाला. मित्रराष्ट्रांचा माल विकत घेणे हा त्यांना उभे करण्याचाच एक मार्ग होता. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये परराष्ट्रीय आर्थिक धोरणाचा विचार करण्यासाठी रँडल आयोग नेमला. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड हे त्याचे एक सदस्य होते. व्यापार खुला करण्यास त्यांचा विरोध नव्हता. मात्र त्यामुळे ज्यांची रोजी जाईल त्यांना नव्या कामासाठी सरकारने साहाय्य द्यावे, अशी सूचना त्यांनी मांडली. आयोगाने ती स्वीकारली नाही. परंतु तेव्हाचे तरुण सिनेटर जॉन केनेडी यांना ती पटली, आणि अध्यक्ष झाल्यावर त्यांनी तिला कायद्याचे रूप दिले.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी केनेडी यांनी व्यापारविस्तार कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यामागील तत्त्व सरळ होते. जकात कमी झाल्याचा लाभ साऱ्या राष्ट्राला होतो. मग त्याची झळ मूठभर कामगारांनी एकट्यानेच का सोसावी? त्यानुसार विस्थापित कामगाराला त्याच्या सरासरी वेतनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, सामान्यतः ५२ आठवडे, देण्याची तरतूद झाली. नवे कौशल्य शिकण्याची आणि दुसऱ्या गावी काम मिळाल्यास तेथे बिऱ्हाड हलविण्याच्या खर्चाचीही सोय होती. बेकारी भत्ता त्या देशात १९३५ पासून होताच. नवे होते ते हे की, सरकारच्या निर्णयामुळे झालेल्या हानीची भरपाई सरकारने करावी, ही कबुली.

तथापि कायद्याचा हेतू उदार आणि त्याची अट कृपण, असा विसंवाद येथे घडला. साहाय्य मिळण्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत : आयात वाढली ती मुख्यतः जकातीतील सवलतीमुळेच वाढली, आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळेच गेली. एखादा कारखाना बुडतो तेव्हा यंत्रे जुनी झालेली असतात, मागणी मंदावलेली असते, मालकाचे लक्ष अन्यत्र गेलेले असते आणि परदेशी मालही आलेला असतो. या गुंत्यातून एकच धागा ओढून दाखविणे अर्थशास्त्रज्ञालाही अवघड. ते काम कामगारावर सोपविले गेले. परिणाम व्हायचा तोच झाला. १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सात वर्षांत, कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कामगारपुढारी या योजनेला अंत्यविधीचा खर्च म्हणून हिणवू लागले, यात नवल नव्हते.

ही चूक १९७४ च्या व्यापार कायद्याने बरीचशी दुरुस्त केली. जकातीशी संबंध दाखविण्याची अट गेली. आयातीने बेकारीला ‘महत्त्वाचा हातभार’ लावला, एवढे दिसले की पुरे झाले. कोणत्याही तीन कामगारांना अर्ज करता येऊ लागला. भत्ता वेतनाच्या ७० टक्के झाला आणि निर्णय कामगार खात्याकडे आला.

या नव्या तरतुदीची कसोटी लवकरच लागली. १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, ओहायो राज्यातील यंग्सटाउन भागात कॅम्पबेल येथील पोलादाचा प्रचंड कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. सुमारे ५,००० कामगारांच्या नोकऱ्यांवर एका दिवसात गदा आली. तो दिवस तेथे आजही ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. भट्ट्या जुन्या होत्या, नव्या मालकांनी त्यांत पुरेसा पैसा घातला नव्हता आणि जपान व युरोपचे पोलाद बाजारात होते. १९६२ च्या अटीखाली या कामगारांना आपली बाजू सिद्ध करणे दुरापास्तच झाले असते. पुढे मोटारउद्योगात मंदी आली आणि १९८० या आर्थिक वर्षात भत्ता घेणाऱ्यांची संख्या पाच लाखांवर व खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरवर गेला. मात्र निर्णयास महिनोन्‌महिने लागत. पुष्कळांच्या हाती पैसा पडला तो ते आपल्या जुन्याच कामावर परतल्यानंतर. ज्यांचे काम कायमचे गेले होते, त्यांना शिक्षणाचा मार्ग क्वचितच दाखविला गेला.

खर्चाचा हा आकडा रेगन सरकारच्या डोळ्यांवर आला. १९८१ मध्ये भत्ता साध्या बेकारी भत्त्याच्या पातळीवर आणला गेला, आणि तोही साधा भत्ता संपल्यावरच मिळू लागला. भरपाईचे तत्त्व अशा रीतीने निम्मे मावळले. १९८८ पासून प्रशिक्षणाची अट आली. पुढे प्रत्येक मोठ्या व्यापारी कराराबरोबर या योजनेला थोडा उजाळा मिळत गेला. १९९४ मध्ये मेक्सिको व कॅनडा यांच्याशी खुला व्यापार सुरू झाला तेव्हा त्यासाठी वेगळी शाखा निघाली. २००२ मध्ये आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी करसवलत आली. त्याच वर्षी पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक निराळी तरतूद झाली : नव्या कामात वेतन कमी मिळाले तर फरकाची अर्धी रक्कम, दोन वर्षांत १०,००० डॉलरच्या मर्यादेत, सरकारने द्यावी.

मधल्या काळात डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला होता. २००० मध्ये अमेरिकी कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख माणसे काम करीत होती. २०१० पर्यंत ती संख्या १ कोटी २० लाखांच्या खाली आली. या घसरणीला आयातीखेरीज यांत्रिकीकरण आणि मंदी हीही कारणे होती. पण आयातीचा वाटा लहान नव्हता.

उत्तर कॅरोलायना राज्यातील कॅनापोलिस हे त्या काळाचे प्रातिनिधिक गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनन कुटुंबाच्या गिरणीभोवती ते वसले. चादरी आणि टॉवेल ही त्याची ओळख. घरेही एके काळी गिरणीचीच. पिलोटेक्स या कंपनीकडे गेलेली ती गिरणी ३० जुलै २००३ रोजी कायमची बंद झाली आणि त्या परिसरातील चार हजारांहून अधिक माणसे बेकार झाली. त्यांतील पुष्कळांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, कारण गिरणीत त्याची गरजच पडली नव्हती. सरकारी साहाय्यावर पन्नाशीतले स्त्रीपुरुष स्थानिक महाविद्यालयाच्या बाकांवर जाऊन बसले. काहींनी शालान्त परीक्षेइतकी मजल मारली, काही रुग्णसेवेसारख्या नव्या व्यवसायात शिरले. गिरणीच्या जागी पुढे संशोधनसंस्थांचे संकुल उभे राहिले. परंतु साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला प्रयोगशाळेचे दार सहज उघडणारे नव्हते.

या योजनेचा उपयोग झाला का? विद्वानांत एकमत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारपुरस्कृत मूल्यमापनात, चार वर्षांनंतरही साहाय्य घेतलेल्यांची कमाई तुलनेसाठी निवडलेल्या कामगारांपेक्षा कमीच आढळली. २०१३ मध्ये ऑटर, डॉर्न व हॅन्सन यांनी दाखविले की, चिनी आयातीचा मार बसलेल्या भागांत या योजनेपेक्षा अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावरील खर्च कितीतरी पटींनी अधिक वाढला. म्हणजे खरा भार दुसऱ्याच खिडकीवर पडत होता. उलट २०१८ मध्ये बेंजामिन हायमन यांनी वेगळ्या पद्धतीने मोजमाप केले. काही तपासनीस अर्ज सढळपणे मंजूर करीत, तर काही कठोरपणे. कोणाच्या वाट्याला कोण येईल हा योगायोगाचा भाग. त्या आधारे समान परिस्थितीतील कामगारांची तुलना करता, साहाय्य मिळालेल्यांनी दहा वर्षांत सुमारे ५०,००० डॉलर अधिक मिळविले असे दिसले. कालांतराने हा लाभ ओसरत गेला, तरी मदत निष्फळ नव्हती. बहुसंख्यांपर्यंत ती पोहोचतच नव्हती.

आपल्याकडेही या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. वस्त्रांच्या आयातीवरील मर्यादा १ जानेवारी २००५ पासून उठल्या, तेव्हा कॅनापोलिससारख्या गावांनी गमावलेला बाजार भारत, चीन, पाकिस्तान अशा देशांच्या मागांना अधिक खुला झाला. सोलापूरच्या यंत्रमागांवरील टॉवेलही परदेशी जातात. एकाची बेकारी ही दुसऱ्याची पाळी असते, हे सत्य कटू असले तरी नाकारता येत नाही.

भारतातील जुन्या गिरण्या बुडाल्या त्या प्रामुख्याने आयातीमुळे नव्हेत. परंतु भार कोणाचा, हा प्रश्न येथेही तोच होता. केंद्र सरकारने १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी सुरू केला. कायमच्या बंद झालेल्या गिरणीतील पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी ती उतरती मदत होती. पण गिरणी ‘कायमची बंद’ ठरणे हीच मोठी अडचण होती. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपये मोकळे झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. ते साहाय्य नव्हे, हक्काचेच पैसे होते; तरीही मधल्या ३२ वर्षांत अनेकांनी इहलोक सोडला होता.

अमेरिकेतील योजनेची मुदत वाढविण्यात आली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांवर निर्णय देणे थांबले. पात्रतेच्या अटी, विलंब आणि अपुरी रक्कम यांनी तिला आधीच दुबळे केले होते. तरीही १९६२ च्या त्या कबुलीचे मोल कमी होत नाही. स्वस्त वस्तू घेणारा प्रत्येक ग्राहक एका अनोळखी कामगाराचा थोडासा ऋणाईत असतो, आणि ते ऋण फेडण्याचे साधन समाजापाशी केवळ सरकार हेच आहे. ते फेडताना उशीर झाला की मदतीचे दान होते. वेळेवर फेडले तरच तो न्याय ठरतो.